चित्रामागची रिकामी चौकट

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एका बाईच्या तोंडावर दार आपटलं गेलं, आणि आपटणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. बाई म्हणजे माझी बायको. दार एका गोष्टीचं.

रागाने लिहितोय म्हणून अक्षर असं येतंय. सारा जन्म मुलांच्या अक्षराला नावं ठेवली, आता माझंच मला पाहवत नाही.

नीट लिहितो. काचबिंदूने डल्सीची नजर गेली त्याला तीन हिवाळे झाले. त्याआधी हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. ती विणत बसायची, चुलीत लाकूड तडतडायचं, आणि एखादी ओळ तिला आवडली की सुया थांबायच्या. सुया थांबल्या की मी ती ओळ पुन्हा वाचायचो. आता तिला संगणक वाचून दाखवतो. पडद्यावर जे असेल ते बोलणारा एक आवाज त्यात आहे. डल्सीने त्याचं नाव गॉर्डन ठेवलंय. गॉर्डनचं बोलणं मला पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू येतं. तिला मात्र शब्दन् शब्द कळतो. त्याला ना यती ठाऊक, ना लय. त्याच्या तोंडी कविता द्यावी तर कॉड माशाचा आजचा भाव सांगितल्यासारखी निघते. पण घरात त्याचं चालतं.

दर शुक्रवारी सात वाजता ‘ब्लू लॅम्प’ नावाच्या संकेतस्थळावर ‘मिसेस टिब्बोची खाणावळ’ या कादंबरीचं नवं प्रकरण येतं. लेखिका स्वतःला ‘गंजकी किटली’ म्हणवते. कादंबरीतल्या मिसेस टिब्बोचा नवरा अब्सलम समुद्रावर गेला तो परतला नाही. ती रोज रात्री त्याचा कप बशीवर पालथा मांडून ठेवते. तो आला की सुलटा करायचा. तो जिवंत की मेलेला, यावरून गोष्टीखाली वाचकांची दर आठवड्याला जुंपते. डल्सी ‘मेला’ पक्षाची पुढारी. तिथे तिचं नाव ‘खारा मासा’. खाऱ्या माशाच्या तर्काला लोक दबून असतात. तिला दिसत नाही हे तिथे कुणालाही माहीत नाही, आणि तसंच राहावं अशी तिची इच्छा.

आज मिसेस टिब्बोने माळ्याचं दार ढकललं, आणि गॉर्डन म्हणाला, “चित्र.” आणि गप्प झाला. संपलं प्रकरण. आत काय होतं ते किटलीबाईंनी शब्दांत न सांगता काढून दाखवलं होतं. खाली वाचकांचा नुसता कल्ला, पण काय पाहिलं ते कोणी लिहीत नव्हतं. सगळ्यांनीच पाहिलेलं, मग लिहायचं कशाला?

“थांब, मी सांगतो काय आहे ते,” चष्मा शोधत मी म्हणालो.

“नको.”

“अगं, एका वाक्यात सांगतो.”

“क्लेम, नको म्हटलं ना. मला सांगितलेलं नकोय. मला वाचायचंय.”

यात फरक काय, ते मला कळलं नाही. पण ती गॉर्डनला बंद करून तशीच बसून राहिली, दिवा लावायची गरज नसलेल्या माणसासारखी. मला हे सहन होत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज डल्सीने ‘ब्लू लॅम्प’च्या चालकांकडे स्वतः तक्रार करायचं ठरवलं. मी शेजारी बसलो. तक्रार लिहून झाली, फार नेमकी लिहिली होती. मग पाठवायच्या आधी संकेतस्थळाने तिला ती माणूस असल्याचा पुरावा मागितला. नऊ चित्रं समोर धरली: यांतला आगीचा बंब कुठे दिसतो ते दाखवा.

नजर गेलेल्या बाईने, चित्र दिसत नाही ही तक्रार करायची, तर आधी चित्र ओळखून दाखवायचं. असा दरबार मी इतिहासाच्या पुस्तकातही शिकवला नव्हता.

“हस ना,” डल्सी म्हणाली. “गमतीदारच आहे की.”

मला हसू आलं नाही. मी उठून भांडी घासली. डल्सी आपला कप मोरीच्या कडेला, त्याचा कान खिडकीकडे करून ठेवते. तो तिथे गबाळा दिसतो म्हणून पुसून कपाटात ठेवला. नंतर ती मोरीवर हात फिरवत बराच वेळ उभी होती. “कप कपाटात आहे,” मी सांगितलं. “हो, असेल,” ती म्हणाली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

तीन दिवस या स्थळाची झडती घेतोय. डल्सीला म्हटलं, गॉर्डनला जरा सावकाश बोलायला लाव, मलाही ऐकू दे. ऐकलं, आणि अंगाचा तिळपापड झाला.

एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो तिथे किटलीबाई तारकांची माळ घालतात. गॉर्डन ती जपमाळ ओढावी तशी ओढतो: तारा तारा तारा तारा. मिसेस टिब्बोला हुंदका येतो, आणि लगेच तारा तारा तारा. प्रकरणाचं नाव नक्षीदार अक्षरांत आहे. ती अक्षरं नाहीतच, गणितातली चिन्हं आहेत, तर गॉर्डन प्रत्येकाचं गोत्र सांगत बसतो. आवडलं की दाबायची खूण, पुढच्या पानाची खूण, सगळ्यांना तो नुसतं “बटण” म्हणतो. बटण. बटण. बटण. कुठलं बटण, तर ज्याचं त्याने पाहावं.

“तू हे सगळं इतकी वर्षं ऐकत होतीस?” मी विचारलं.

“ताऱ्यांची सवय होते रे. गाडीत खड्डे मोजत बसतं का कोणी? पण चित्र म्हणजे रस्ताच संपतो.”

मग तिने समजावलं. आंतरजालावरच्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागे एक चौकट असते, डोळसांना न दिसणारी. चित्र टाकणाऱ्याने तिच्यात दोन ओळी लिहायच्या, गॉर्डन त्या वाचतो. बस्स, एवढंच. किटलीबाईंच्या सगळ्या चौकटी रिकाम्या.

लहानपणी आमच्या शाळेत कविता कोणी पाहिल्या होत्या? एका वर्गाला मिळून एक फाटकं पुस्तक. मास्तर म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. खिडकीबाहेर धुकं, आणि चाळीस पोरांच्या तोंडून एकच समुद्र. कविता कानानेच आत आली. गोष्टीला डोळे लागतात हे खूळ कधी निघालं?

चालकांना मी पत्र धाडलं. बंब मीच ओळखून दिला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चालकांचं उत्तर आलं. “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.” खाली सही नाही. तोंडाला अशी पानं पुसायला हल्ली माणूसही लागत नाही.

आता थेट लेखिकेलाच लिहिलं. लिहिताना हात राखला नाही. “बाई, आमच्या खाडीकाठच्या टपाल कचेरीला चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे. दुकानाला आहे. चर्चला आहे, दारूच्या गुत्त्यालाही आहे. तुमच्या कादंबरीला मात्र पायऱ्याच, आणि शेवटची पायरी काढून घेतलेली. माझी बायको तुमची पहिल्या प्रकरणापासूनची वाचक आहे. तिने तुमचं काय घोडं मारलंय?” खाली पूर्ण सही: क्लेमेंट व्होकी, निवृत्त शिक्षक, न्यूफाउंडलंड. बायको कोण, कुठल्या नावाने वाचते, ते लिहिलं नाही. तेवढं पथ्य पाळलं.

डल्सीला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, माझं भांडण मला भांडू दे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

लेखिकेचं उत्तर आलं. तिचं खरं नाव कोरीन. सडबरीला एका बेकरीत पहाटेच्या पाळीला असते.

“मिस्टर व्होकी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा त्यात चुका शोधायला बसले, एकही सापडली नाही म्हणून आणखी चिडले. ती चौकट मी रोज पाहते. मला वाटायचं ती संगणकाच्या सोयीसाठी आहे, माणसांसाठी नाही. एक चित्र काढायला मला अख्खा आठवडा लागतो, ओव्हनसमोर उभं राहून पाय सुजलेले असतात. त्यात काय लिहायचं ते मला सुचत नाही. मी चित्रं काढते तीच मुळी शब्द पुरत नाहीत म्हणून. तुम्ही शिक्षक आहात. तुम्ही लिहून द्याल का? मी चिकटवीन. आणि तारे आजच काढून टाकते.”

मी लिहून देऊ का? निबंध शिकवण्यात माझी हयात गेली. ‘समुद्रावरची संध्याकाळ’ या विषयावर माझ्या वर्गातल्या पोरांनी जिल्ह्यात बक्षिसं आणली आहेत. लगेच होकार कळवला. डल्सीला अंधारात ठेवायचं, नाताळची भेट म्हणून.

माळ्याच्या चित्रापासून सुरुवात केली. कोरीन शुक्रवारचं चित्र बुधवारी पाठवणार. गॉर्डनच्या त्या वाटाणे ओतणाऱ्या तोंडात आता माझे शब्द असतील. संध्याकाळी मी पुन्हा डल्सीला वाचून दाखवणार, आणि तिला कळणारही नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सातला दहा मिनिटं असल्यापासून मी दाराआड. गॉर्डन प्रकरण वाचत होता. वाटाणे, वाटाणे, वाटाणे. मग चित्र आलं, आणि या वेळी तो थांबला नाही. डल्सीची मान एकदम वर झाली. तिने तो भाग मागे घेतला, पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला. मग जुन्या प्रकरणांतली चित्रंही चाळली.

“क्लेम,” तिने हाक मारली. “चित्रामागे कुणीतरी लिहिलंय रे.”

“असं? काय म्हणतेस.”

“आधीच्याही चित्रांमागे लिहिलंय. गॉर्डन आज ‘विषण्ण’ म्हणाला. दोनदा. ‘जणू’ तर किती वेळा म्हणाला, विचारू नकोस.”

“कुणी लिहिलं असेल?”

“तेच म्हणते मी. कुणी लिहिलं असेल?”

“असेल कुणी रसिक.”

“रसिक आहे खरा,” ती म्हणाली, आणि चाचपून माझा हात थोपटला. मग बराच वेळ दाताखाली ओठ धरून बसली. भारावून गेली असावी. गुपित मस्त राहिलं.

शुक्रवार, २० डिसेंबर

आजच्या चित्रावर माझी सगळ्यात जास्त मेहनत. खाणावळीतलं जेवणघर, संध्याकाळ. मी लिहिलं होतं: “मावळतीच्या विषण्ण प्रकाशात न्हालेलं भोजनगृह, जणू काळच खुर्ची ओढून बसला आहे. टेबलावर चहाची सुबक भांडी मांडलेली, आणि सर्वत्र एका दीर्घ प्रतीक्षेचा दरवळ.”

डल्सीने ऐकलं, थोडा विचार केला आणि वाचकांच्या चर्चेत लिहायला बसली. भराभर बोटं चालली होती. मी समाधानाने चहा टाकला.

शनिवार, २१ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

काल डल्सीने तिथे मोठं टिपण लिहिलं: अब्सलम मेलाच आहे, आणि याला सगळ्यात मोठा पुरावा तो कप. “अब्सलमचा कप अजून पालथाच आहे ना? ज्या दिवशी तो सुलटा होईल त्या दिवशी माझ्याशी बोलायला या.”

चित्रात कप सुलटा आहे. बशीवर, तळाला चहाचा गाळ. सगळ्या वाचकांनी तोच पाहिला, प्रकरण त्याच्यासाठीच लिहिलेलं होतं. खाऱ्या माशाखाली सकाळपर्यंत हसण्याचा ढीग पडला. एकाने लिहिलं, “खाऱ्या माशा, डोळे तपासून घे बाबा.”

डल्सीने गॉर्डनकडून ते वाचून घेतलं. मी समोर पाव भाजत होतो. तिने कानातली ऐकायची बोंडं काढली.

“क्लेम, कालच्या चित्रात कप कसा आहे?”

मी पाहिलं. “सुलटा,” मी म्हणालो.

“वर्णनात का नाही?”

“वर्णन मी थोडंच...”

“मास्तर. पुरे.”

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

“सुबक भांडी असं लिहिलंय त्यात,” मी म्हणालो. “कप भांड्यांतच आला की. प्रत्येक बशी कशी मोजत बसू? मी चित्राचा आत्मा दिला.”

“मला आत्मा नको होता. मला कप हवा होता.”

“तू गॉर्डनची भाषा बोलायला लागलीस.”

“विषण्ण आहे की नाही ते मी ठरवीन, क्लेम. खोली दे मला. खोलीत काय आहे ते दे. उदास व्हायचं काम माझं आहे.”

मी फिरायला निघून गेलो. वाऱ्यात डोळ्यांना पाणी येतं, या दिवसांत येतंच. ज्या बाईसाठी मी साऱ्या जगाशी भांडलो तिने मला एका कपावरून फैलावर घ्यावं. कोरीनने तरी ठळक काढायला नको होता का तो कप? आणि त्या दात काढणाऱ्यांनी? कुणाला हसतो आहोत हे न बघता दात काढायचे. डोळे तपासून घे म्हणे.

घरी आलो तर डल्सीने तिथे उत्तर टाकलेलं होतं. तिने मला ते ऐकवलं. “डोळे तपासले. तीन वर्षांपूर्वीच. दोन्ही गेलेत. कप मला कोणी सांगितला नाही. पुढचं प्रकरण कधी?”

सोमवार, २३ डिसेंबर

सहानुभूतीचा पूर आलाय. आपण किती शूर, आपण प्रेरणा आहात, आपल्यापुढे आम्ही काहीच नाही.

“शूर?” डल्सी फणफणली. “गादीवर लोळून कादंबरी वाचते मी. यात शौर्य कुठलं आलं? यांच्यापेक्षा तो डोळे तपास म्हणणारा परवडला. तो निदान माझ्याशी भांडत होता.”

तो डोळे तपास म्हणणाराही लेखक निघाला, तिथेच गोष्टी लिहितो. त्याने माफी मागितली नाही. रात्रीतून आपल्या सगळ्या चित्रांमागे ओळी लिहिल्या आणि कळवलं, “तपासून सांग, खाऱ्या माशा.” डल्सीने सगळ्या तपासल्या. “हा शिकेल,” म्हणाली.

मी कोरीनला आणखी एक संधी मागितली आहे. नाताळात बेकरीत मरायला फुरसत नसते, तेव्हा तिने हो म्हटलं. या वेळी वस्तू सांगणार. एकही सोडणार नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी

आजचं चित्र जिन्याचं. मी लिहिलं: “लाकडी जिना. पायऱ्यांवर ओल्या बुटांचे ठसे. ध्यानात घ्या, ठसे फक्त वर जाणारे आहेत, उतरणारे नाहीत. म्हणजे कोणीतरी अजून वरच आहे. तो अब्सलमच असणार, हे सुज्ञ वाचकाने ओळखलंच असेल.”

डल्सीने ऐकलं आणि डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं.

“फळ्यावर गणित मांडलंत मास्तर, आणि उत्तरही लिहून टाकलंत.”

“आता वस्तू दिल्या ना?”

“दिल्यास. वर माझं बोट धरून त्यांच्यापर्यंत नेलंस. बाकीचे लोक आत्ता त्या जिन्याकडे बघतायत, डोकं खाजवतायत, त्यांना मजा येतेय. माझी मजा कुठाय?”

“तुला काही दिलं तरी पटत नाही.”

“तू देऊ नकोस, क्लेम. तू आता सोड हे.”

सोड म्हणाली. इतक्या हिवाळ्यांनंतर मला सांगते, सोड.

रविवार, ५ जानेवारी

सकाळपासून लिअँडर स्नूकच्या शेडमध्ये बसलो होतो. लिअँडर म्हणजे आमचा शेजारी, बोटीच्या इंजिनात हात घालून बसलेला असतो, बोटीवर मात्र जात नाही. त्याला सगळं सांगितलं. ते चालक, तो बंब, ते दात काढणारे, ती किटली.

“बरं,” तो म्हणाला. “आणि तुला राग नक्की कुणाचा आलाय?”

“सगळ्यांचा.”

“बायको वाचते एवढंच ना, मास्तर? माझी तर बोलते.”

“तुला नाही कळायचं. मी तिला वाचून दाखवायचो.”

“हं,” लिअँडर म्हणाला आणि मला एक पाना धरायला दिला. अर्धा तास मी तो धरून होतो. कशाला, ते त्याने सांगितलं नाही.

घरी आलो तर डल्सी फोनवर. पलीकडे कोरीन, डल्सीनेच तिला गाठलेली. दोघी कशावर तरी खिदळत होत्या. “नाही, नाही,” डल्सी सांगत होती, “आधी काय आहे ते सांग. मग कुठे आहे. मग गप्प बस. गप्प बसणं जमलं की झालं.” मी आत आलेला कळल्यावर तिने आवाज उतरवला नाही. मी ताटकळत उभा राहिलो, मग सूप गरम केलं. तिचा कप मोरीवर होता. कपाटात ठेवायला उचलला, आणि का कोण जाणे, तसाच परत ठेवला. पण कान कुठल्या बाजूला होता ते आठवेना.

शुक्रवार, १० जानेवारी

बर्फ. वीज गेली आणि दुपारी आली. आजच्या चित्रामागची ओळ कोरीनने लिहिली होती. डल्सीने एकदाच ऐकली. मागे घेतली नाही. थेट चर्चेत शिरली आणि जेवायला बोलावलं तरी येईना. तिथे तिला कुणी शूर म्हटलं नाही. दोघांनी मूर्ख म्हटलं. फार खुशीत होती.

शुक्रवार, १७ जानेवारी

शेवटचं प्रकरण. डल्सीने मला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं, दार लावून घेतलं. मी चुलीशी बसून मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणत होतो. हल्ली मधल्या ओळी गळतात. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, बोंडं तिच्या कानात.

आणि मग ती हसली. ओठ दाबून नव्हे. मोठ्याने, मान मागे टाकून, लग्नाआधी होडीत हसायची तशी. मी उठून उभा राहिलो. काय वाचलं तिने? कुठल्या शब्दाला हसली? पूर्वी ती हसायची तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात असायचं.

दार उघडून आली, डोळे पुसत. मी विचारणार नव्हतो. विचारलं. “काय झालं?”

“स्वतः वाच.”

वाचलं. सकाळ झाली आहे, खाणावळीतले भाडेकरू खाली येतात, तर चूल पेटलेली नाही. मिसेस टिब्बोचा पत्ता नाही. तिला हाका मारतात. इथे शब्द संपतात, आणि खाली चित्र. टेबलावर दोन कप. दोन्ही पालथे.

म्हणजे गेली बिचारी. नवराही गेलेला, तीही गेली, कप तेवढे उरले. कुठल्याशा जुन्या ओळी ओठांवर आल्या. आणि या शेवटाला डल्सी हसते? नजरेबरोबर काळीजही गेलं की काय हिचं? मला खराच संताप आला.

“इतकी करुण गोष्ट,” मी म्हणालो, “आणि तू हसतेस.”

“करुण?” तिचं तोंड उघडंच राहिलं. “क्लेम, खिळा पाहिलास का?”

“कुठला खिळा?”

ती पुन्हा हसायला लागली, पण या वेळी तिने माझा हात धरला, खुर्चीत बसवलं, आणि बोंडं माझ्या कानात घातली. चाचपत गॉर्डनचा वेग कमी केला. कमी, आणखी कमी, सत्तर वर्षांच्या माणसाला झेपेल इतका. मग चित्रावर नेऊन ठेवलं.

गॉर्डन म्हणाला, “जेवणघर. सकाळ. टेबलावर दोन कप, धुतलेले, पालथे. दाराजवळ खिळा. खिळ्याला किल्ली आहे. कोट नाही.”

गप्प झाला.

मी चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिलं. दार होतं, कोपऱ्यात. खिळा होता. किल्ली होती. ज्या खिळ्यावर पहिल्या प्रकरणापासून मिसेस टिब्बोचा निळा कोट लटकत होता, तो रिकामा होता. माझे डोळे शाबूत आहेत, डॉक्टर तसं म्हणतात, आणि मी ते चित्र चांगलं पाच मिनिटं पाहत बसलो होतो.

“निघून गेली,” मी म्हणालो. “त्याच्याबरोबर?”

“ते मी नाही सांगणार,” डल्सी म्हणाली. “तिथे त्यावरूनच भांडण पेटलंय. चल, सरक, मला लिहायचंय.”

मी म्हटलं, “थांब. एकदा परत ऐकू दे.”

शनिवार, १८ जानेवारी

चालकांना आज पुन्हा पत्र लिहिलं. बटणांना अजून नावं नाहीत, बंब अजून तिथेच उभा. हे मी सोडणार नाही. डल्सीने मसुदा ऐकला आणि विशेषणं काढायला लावली. बरीच निघाली. जे उरलं ते वाचून मलाच भीती वाटली.

स्वयंपाकघर. सकाळ. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ. टेबलावर माझा कप, रिकामा. मोरीच्या कडेला डल्सीचा कप. कान खिडकीकडे. मी हलवलेला नाही.